टिळकांच्या नावाआधीचे ‘रेव्हरंड’ का गाळले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतील ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांच्यावरील लेख वाचला. आपण त्यांना पूर्ण पान दिले याबद्दल आभार. मात्र शीर्षक, मजकूर आणि छायाचित्राखालची ओळ यांत कुठेही त्यांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ आलेले नाही, आणि त्यांच्या बाप्तिस्म्याचे वर्ष १९०० असे छापले आहे. १९०० हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याचे वर्ष. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पतिपत्नींची ताटातूट, आप्तेष्टांचा आकांत, लहानग्या मुलाला, देवदत्ताला घेऊन लक्ष्मीबाईंनी काढलेले दिवस आणि मग पुन्हा उभा राहिलेला संसार, हे सारे या दोन वर्षांच्या मधल्या काळातले आहे. ही दोन वर्षे एक केली की त्या घराची अर्धी कथाच नाहीशी होते.

लेखकाने टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हटले आहे. ते तसे होतेच, पण तेवढेच होते असे ज्याला वाटते त्याने त्यांची भजने कधी ऐकलेली नाहीत. माझे वडील पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू होते. संध्याकाळी वस्त्यावस्त्यांवर जाऊन, टाळ हाती घेऊन ते टिळकांची भजने म्हणत, आणि ज्या बायाबापड्यांना अक्षर ओळखू येत नव्हते त्यांनाही ती पाठ असत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे टिळक सांगत. त्याचा अर्थ मला कोणत्याही प्रवचनापेक्षा त्या भजनांतून अधिक कळला.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाने टिळकांच्या जयंतीचा कार्यक्रम ठेवला आणि पाळकाची मुलगी म्हणून मला दोन रचना म्हणायला बोलावले. मी एक कविता आणि एक भजन निवडले व वडिलांचे टाळ सोबत नेले. कार्यक्रम सुरू होण्याआधी एका पदाधिकाऱ्यांनी माझा कागद पाहिला, भजनावर काट मारली आणि ‘बाई, आपला कार्यक्रम साहित्याचा आहे, त्या जखमी पक्षिणीची कविता घ्या, ती सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे,’ असे शांतपणे सांगितले. ते रागावले नव्हते, त्यांना त्यात काही वावगे वाटतही नव्हते. मी ती कविता म्हटली, टाळ्या झाल्या, आणि टाळ पिशवीतून बाहेर न काढताच मी घरी आले. तेव्हा मी गप्प बसले याचे मला आजही वाईट वाटते, आणि काल आपले पान वाचताना तीच काट पुन्हा माझ्या कागदावर ओढल्यासारखे झाले. ज्या माणसाने १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला, त्याच्यावरच्या एवढ्या मोठ्या लेखात त्या दरबाराला एक ओळही मिळू नये?

लक्ष्मीबाईंना शेजारी स्वतंत्र चौकट देऊन ‘विक्षिप्त पतीची सोशिक पत्नी’ ठरवले आहे, तेही मला मान्य नाही. त्यांनी सोसले हे खरे. पाळकाच्या घरात न सांगतासवरता येऊन ठेपणारे पाहुणे, दुसऱ्याला देऊन टाकलेला पैसा आणि रिकामे डबे काय असतात ते मी माझ्या आईकडे पाहून जाणते. आई वडिलांवर चिडायची, आणि चिडतच चार भाकरी जास्त थापायची. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना तिला हसू आणि रडू एकदम येई. लक्ष्मीबाईंच्या लेखणीत नवऱ्यावरचा राग आणि त्याच्याविषयीचा आदर एकाच वाक्यात नांदतात; त्यातला केवळ राग उचलणे हा त्यांच्यावरही अन्यायच आहे.

याच घराने तो वारसा पुढे कसा नेला ते पाहा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरील महाकाव्य लिहावयास घेतले आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झालेले होते. ज्यांना नवऱ्याने घरीच लिहायवाचायला शिकवले त्या लक्ष्मीबाईंनी उरलेले बहुतेक अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि मग देवदत्तांनी अखेरचा अध्याय जोडून तो ग्रंथ प्रसिद्ध केला. लक्ष्मीबाईंच्या आठवणी नीट संपादित करून पुढच्या पिढीच्या हाती देण्याचे काम नातू अशोक देवदत्त टिळक यांनी केले. आपल्या पानावर या मुलाचे आणि नातवाचे नावही नाही.

जाता जाता आणखी एक तक्रार. मागे पंडिता रमाबाईंविषयी मी पाठवलेल्या पत्रातील, त्यांनी निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या मुक्तिमिशनचा सगळा मजकूर कापून, त्यांच्या संस्कृत विद्वत्तेविषयीची दोन वाक्ये तेवढी आपण छापली होती. या पत्राचे तसे करू नये. जागा नसेल तर पत्र छापू नका, परंतु टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या वर्षाची दुरुस्ती मात्र त्याच पुरवणीत, ‘रेव्हरंड नारायण वामन टिळक’ अशा पूर्ण नावाने द्यावी.

आपली,
एका पाळकाची मुलगी
नगर जिल्हा