खेळ हा वेळ घालवण्याचा प्रकार नाही

मा. संपादक,

‘मनोरंजनाची सोय आहे’ म्हणजे हॉलमध्ये टीव्ही लावलेला आहे, असा अर्थ आपल्याकडे वृद्धाश्रमांतच नव्हे, रुग्णालयांतही घेतला जातो. वास्तविक मनोरंजन-उपचार, म्हणजे खेळ-गाण्यांतून करायचा उपचार, हे शिकून करायचे काम आहे.

त्याची सुरुवात विचारपूस करण्यापासून होते. ऐकू किती येते, घास गिळता येतो का, याआधी पडले होते का, आणि चाळिशीत हात कशात रमायचा, हे आधी कळायला हवे. मग खेळ त्या माणसाच्या मापाने बेतायचा.

आपला अष्टाचंगच घ्या. गडद कापडावर पांढऱ्या पट्टीने २५ घरे आखायची, प्रत्येक घर ५ इंचांचे. सोंगट्या लाल-पिवळ्या हव्यात. म्हाताऱ्या डोळ्यांना निळा-हिरवा वेगळा ओळखणे अवघड जाते. चिंचोके नकोतच. स्मृतिभ्रंश असलेला माणूस ते तोंडात टाकू शकतो. त्यापेक्षा बरण्यांची मोठी झाकणे बरी. लकव्यानंतर कुणाचे डाव्या बाजूला लक्षच जात नाही. त्याच्या सोंगट्या आधी मध्यावर मांडून रोज दोन-चार बोटे डावीकडे सरकवायच्या. पहिल्याच दिवशी डावीकडे मांडल्या तर त्याच्या दृष्टीने त्या नसतातच. खेळ फसतो आणि ‘यांना काही कळत नाही’ असा शिक्का बसतो. चूक मांडणाऱ्याची असते.

लकव्याने वाचा गेलेल्या आजींना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण शेजारी कुणी जात्यावरची ओवी धरली की पुढचे शब्द सुरात बाहेर येतात. बोलणे मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागातून चालते, सूर दोन्हीकडून. तिथूनच बोलण्याकडे वाट काढता येते.

एका गटात सहा-आठ जण, वेळ ४५ मिनिटे, त्यातली पहिली दहा हातपाय मोकळे करायला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे सकाळी नऊच्या आत उरकावे. कंपवाताच्या रुग्णाला गोळी घेतल्यावर तासाभराने बसवावे. मधुमेही असतील तर साखर हाताशी हवी. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावल्याशिवाय चेंडू द्यायचाच नाही. फुगा त्याहून चांगला, तो सावकाश येतो.

शेवटी नोंद. ‘छान सहभाग’ लिहून भागत नाही. किती मिनिटे बसले, चाल स्वतःहून केली, सांगून केली की हात धरून करवून घ्यावी लागली, हे तीन शब्दांत लिहिले तरी उद्या काय द्यायचे ते ठरते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २० मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला मनोरंजनाच्या वाजवी सोयी मिळण्याचा हक्क दिलेला आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आणि अनुदानित वृद्धाश्रमाने निदान एका कर्मचाऱ्याला हे प्रशिक्षण द्यावे, त्याचा रोजचा एक तास याच कामासाठी राखावा आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी टीव्ही न पाहता त्याची नोंदवही मागावी.

– वृद्ध व रुग्णसेवेतील मनोरंजन-उपचारक, परभणी