मुठेचा काठ दत्तक घेणाऱ्यांचेही ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील मुठा नदीच्या काठ सुधारणेविषयीच्या बातम्यांत निविदा, कोट्यवधींचे आकडे आणि तोडल्या जाणाऱ्या झाडांची संख्या वाचायला मिळते. परंतु याच नदीवर २०१४ पासून काम करणाऱ्या ‘जीवितनदी’ या पुण्यातील संस्थेचे काम त्या मानाने फारच थोड्यांना ठाऊक आहे. ‘दत्तक घेऊ या नदीकिनारा’ या तिच्या उपक्रमात स्वयंसेवक काठाचा एक तुकडा आपला मानतात आणि पुन्हा पुन्हा तिथेच जातात. सिंहगड रस्त्यावरील विठ्ठलवाडीचा काठ त्यांपैकी एक.

वर्षातून एकदा हातमोजे घालून छायाचित्रापुरते प्लास्टिक वेचणे निराळे आणि वारंवार त्याच घाटावर जाऊन कचरा उचलता उचलता पाण्याचा रंग, काठावरची झाडे व पक्षी न्याहाळणे निराळे. अशा सरावानेच कळते की, नदी म्हणजे केवळ वाहते पाणी नव्हे. काठचे झरे, दगडांचे उथळ पट्टे आणि ज्याला आपण सर्रास ‘झुडपे’ म्हणून साफ करतो तो हिरवा पट्टा, हे सारे तिचेच अवयव आहेत.

या संस्थेचा दुसरा आग्रह थेट आपल्या न्हाणीघरापर्यंत येतो. धुण्याच्या पावडरी, शांपू, फरशीची रसायने यांचा वापर घटवा, असे ती सांगते. मैलापाण्यातील नत्र आणि काही धुण्याच्या पावडरींतूनही येणारे स्फुरद हेच जलपर्णीचे खत असल्यामुळे या सांगण्याला शास्त्रीय आधार आहे. रिठ्याने भांडी घासण्याचा सल्ला प्रथम ऐकला तेव्हा मी हसलो होतो. आता आमच्या घरी रिठे येतात, मात्र मुलांच्या पांढऱ्या शर्टांपुढे ते हरतात, हेही कबूल करायला हवे.

अर्थात, शहराचे मैलापाणी रिठ्याने शुद्ध होणार नाही. त्यासाठी ११ प्रकल्पांची, दररोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची आणि सुमारे ९९० कोटी रुपयांची योजना जपानी अर्थसाहाय्याने २०१६ मध्ये मंजूर झाली. दुसरीकडे, सुमारे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणेची वेगळी योजना महापालिकेने हाती घेतली. आधी पाणी शुद्ध करा, मग काठ सजवा, असा क्रम का असू नये? २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून मोठा विसर्ग झाला आणि विठ्ठलवाडीजवळच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. पुरासाठी नदीला जागा लागते, हे तिथल्या रहिवाशांना वेगळे समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

मुठेचे पाणी मुळेला, पुढे भीमेला मिळून उजनीत आणि तिथून पंढरपुरी जाते. विठ्ठलवाडीच्या घाटावरून आपण जे सोडतो, ते अखेर चंद्रभागेच्याच वाटेला लागते.

म्हणून महापालिकेला विनंती आहे की, विठ्ठलवाडीच्या काठावर कोणतेही बांधकाम करण्यापूर्वी तेथील झऱ्यांची व झाडांची नोंद या स्वयंसेवकांना सोबत घेऊन करावी, ती जाहीर करावी आणि आराखड्यात त्यानुसार बदल करावा.

आपला,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे