आई-अप्पा, गाडी घेतली

ती. आई-अप्पांस सा. न.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. मागच्या शनिवारी गाडी घेतली. आधी विचारलं असतं तर अप्पा ‘घे’ म्हणाले असते आणि आई रात्रभर जागली असती. टोयोटा ८६, २०१७ची, वापरलेली. दारं दोनच. मागं सीटा आहेत, पण त्यावर भाजीची पिशवीच बसते.

अप्पा, ही मागच्या चाकांवर चालते, आपल्या पद्मिनीसारखी. पहिल्या पावसात काळ्या मातीत तिचं बूड सरकायचं आणि तुम्ही ओरडायचात, ‘ब्रेक नको! जिकडं बूड चाललंय तिकडंच वळव!’ मेलबर्नच्या ओल्या रस्त्यावर तेच आठवतं.

इंजिन सुबारूचं, दोन लिटरचं, पिस्टन उभे नाहीत, आडवे, समोरासमोर. २०१३च्या गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा बदलायला परत बोलावल्या होत्या, इंजिन खाली उतरवायचं काम. म्हणून मुद्दाम नंतरची शोधली. बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे. ऑइल बदलल्याची सगळी बिलं आहेत, शिवाय मेकॅनिककडून खालून टॉर्च मारून बघून घेतली. इंजिन चालू ठेवून उभी असली की रातकिड्यासारखी किरकिरते. तो पेट्रोलचा हाय-प्रेशर पंप, बिघाड नव्हे. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं, महागातलं. पण पगारात बसतं. स्लॅबच्या पैशांना हात लावलेला नाही.

आई, सात एअरबॅग आहेत. चाकाखाली लिंबू ठेवलं, पार्किंगमध्ये नारळ फोडला (शेजारीण खिडकीतून बघत होती), योगेश्वरीच्या कुंकवाची पुडी समोरच्या कप्प्यात आहे. हीटर चांगला चालतो. डबाही रोज नेते, उपाशी राहत नाही.

एकच गोष्ट मनाला लागलीय. सीट फार खाली आहे, अप्पांचे गुडघे तिथं वाकायचे नाहीत. घेतानाच कळलं होतं, तरी घेतली. तुम्ही याल तेव्हा उंच गाडी भाड्यानं घेणार, कुठली तेही बघून ठेवलंय. तुम्हाला टॅक्सीत बसवणार नाही.

आता ऐका. गुडघे लातूरला दाखवून या, ‘बघू’ नको. एसटीनं जायचं नाही, गाडी करा, पैसे मी टाकते. आई, शिळी भाकरी तू एकटीनंच संपवायची हे बंद.

ताईचा दीर पुढच्या महिन्यात इकडं येतोय. त्याच्याजवळ येसर द्या, थोडाच. आणि पद्मिनीची किल्ली अजून दाराआडच्या खिळ्याला असेल तर तिचं घुंगरू काढून द्या. किल्ली असू द्या तिथंच.

तुमची,
छकुली