कारण : नैसर्गिक? कृषिमंत्र्यांना चोडणहून खुले पत्र

माननीय कृषिमंत्री, गोवा राज्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सरद (पावसाळी) भातपिकाच्या कापणीला आठ दिवस उरले असताना आमच्या चोडण बेटावरच्या खाजनाचा (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल भातशेतीचा) बांध फुटला. पौर्णिमेचे उधाण आणि त्यात परतीच्या पावसाचे पाणी. एका रात्रीत खारे पाणी लोंब्यांपर्यंत चढले. नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन मी कार्यालयात गेलो. ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यात मी लिहिले होते : ‘समुद्राची वाढलेली पातळी आणि दुरुस्तीविना राहिलेला बांध’. खिडकीपलीकडच्या तरुणाने ते खोडले, वर ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहिले आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “काका, असे लिहिले तरच पैसे येतात.” पैसे आले. थोडे, उशिरा, पण आले. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या खोडलेल्या ओळीची.

(हे पत्र पर्यावरण खात्यालाही दाखवावे ही विनंती. खारे पाणी आत शिरताना खाते विचारत नाही.)

हवामान बदलते आहे ते माणसामुळे की निसर्गाने, यावर रायबंदरच्या फेरीबोटीत आमचा वाद ठरलेला. माझा एक वर्गमित्र आहे, बँकेतून निवृत्त झालेला, वाचन दांडगे. तो ठासून सांगतो की हवामान नेहमीच बदलत आले आहे; हिमयुगे आली-गेली तेव्हा मोटारी कुठे होत्या? प्रश्न वाजवी आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिमयुगे माणसाविनाच आली, पृथ्वीच्या कक्षेत आणि कलात हजारो वर्षे सावकाश होत राहिलेल्या फरकांमुळे. पण बांधसुद्धा कधी आपोआप फुटतो आणि कधी कोणी मुद्दाम फोडतो. जुन्या शेतकऱ्याला भगदाडापाशी उभे करा, तो नुसत्या कडा बघून सांगेल : पाण्याने पोखरलेली माती वेगळी, कुदळीने काढलेली वेगळी.

शास्त्रज्ञांनी हवेच्या बाबतीत हेच केले. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेले, त्यामुळे त्यांत किरणोत्सारी कार्बन-14 शिल्लकच नसतो. हवेतल्या कार्बनमध्येही कार्बन-14 चा वाटा अशा जुन्या कार्बनच्या भरीने पातळ होत गेलेला सापडतो. कुदळीची खूण ती हीच. सूर्य जास्त तापला म्हणावे, तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता; तो उलट थंड होत चालला आहे आणि खालचा तापतो आहे. जाड गोधडी घेतली की आत ऊब वाढते, बाहेरच्या बाजूला कमी पोचते, तसेच काहीसे. राहिले ज्वालामुखी. ते वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही नाही. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते, आज ते 420 च्या वर गेले आहेत.

आणि हे काही कालपरवाचे खूळ नव्हे. 1895 साली आपल्या सत्तरी तालुक्यात पोर्तुगिजांविरुद्ध दादा राण्यांचे बंड उभे राहिले. त्याच्या पुढच्याच वर्षी स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले होते. 2021 साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने तापमानवाढीमागे माणूस आहे हे निःसंशय असल्याचे लिहिले. वर्गमित्राला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “मग सरकारच्या कागदावर नैसर्गिक कसे?” मी गप्प बसलो. म्हणून हे पत्र.

1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटर वाढली. जेमतेम वीतभर. पणजीत बसून ही वीत नगण्य वाटेल, मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, वाटत नाही. मानशीची लाकडी दारे पाण्याच्याच जोराने चालतात : भरती आली की मिटतात, ओहोटीला शेतातले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. बाहेरचे पाणी वीतभर वर राहिले, तर दारे उशिरा उघडतात आणि लवकर मिटतात. निचऱ्याचा वेळ दोन्हीकडून कापला जातो. त्यात हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे पाऊस कोसळला की जोरात कोसळतो. आत पावसाचे पाणी, बाहेर खाडी आणि मध्ये आमच्या आजोबांनी त्यांच्या काळच्या समुद्राच्या मापाने घातलेला बांध. मे 2021 च्या तौक्ते वादळाने काय केले ते आपण पाहिलेच आहे.

सगळे खापर तापमानवाढीवर फोडायचे असेही नाही. पूर्वी बांधांची राखण कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी ग्रामसंस्था, करी. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती आम्हा कुळांच्या संघटनांकडे आली आणि आम्हीही कमी पडलो. बैठकीला कोणी येत नाही, पोरे जहाजावर किंवा हॉटेलात, आणि मानशीपाशी मासे धरायचा हक्क लिलावात घेणाऱ्याचे लक्ष मासळीवर. पण यातले तरी नैसर्गिक काय आहे? कोळसा जाळणारे दूरचे आणि बांधाकडे न बघणारे जवळचे, दोघेही त्या एका शब्दाच्या आड आरामात बसतात.

गोवा एवढासा, आपल्या धुराने काय होणार, असेही आपल्याकडे म्हणतात. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे आपल्याच रुळांवरून जातो, एवढेच सांगतो.

माझी मागणी फार खर्चाची नाही. अर्जातल्या त्या रकान्यात शेतकरी लिहील ते राहू द्या, आणि त्यामुळे त्याची भरपाई अडणार नाही असे परिपत्रक काढा. कोणत्या खाजनात कोणत्या भरतीला पाणी बांधावरून गेले, याची नोंद तालुक्यात ठेवा. 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या दोनापावलाला आहे. तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाला वर्षातून एकदा आमच्या बैठकीत पाठवा, मराठी-कोकणीत बोलणारा. माझ्या वर्गमित्राला मी स्वतः घेऊन येईन.

आपणही या. येत्या अमावास्येला, भरती पूर्ण चढायच्या आधी. बांधावर मोटार येत नाही, तेवढे चालावे लागेल.

आपला,
चोडणचा एक कूळ शेतकरी