जाहिरात छापली, पण ती पाहिली कोणी?

माननीय संपादक महोदय,

गोव्यातील फोंडा परिसरातील लहान व्यापाऱ्यांच्या जाहिराती मराठी दैनिकांपर्यंत पोहोचविण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. सराफाचे दुकान असो, फर्निचरचे शोरूम असो की पतसंस्था असो, रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याचे दैनिकाला द्यायचे मागणीपत्र, लिहिताना एक प्रश्न हमखास येतो: एवढे पैसे मोजल्यावर ही जाहिरात किती जण पाहतील? या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर आज मला देता येत नाही. ते मिळविण्याची पद्धत मात्र जुनी आणि जाणकारांच्या परिचयाची आहे, म्हणून हे पत्र.

व्यापाऱ्यापुढे आम्ही दोन आकडे ठेवतो. पहिला खपाचा. 1948 मध्ये स्थापन झालेली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था आपल्या सभासद प्रकाशनांचा खप दर सहा महिन्यांसाठी प्रमाणित करते. दुसरा आकडा वाचकसंख्येचा. त्यासाठीच्या इंडियन रीडरशिप सर्व्हेत 2019 पर्यंत दैनिकांची शीर्षके दाखवून कोणते दैनिक शेवटचे कधी वाचले, हे लोकांना विचारले जात असे. दोन्ही आकड्यांची गरज आहेच. पण पहिल्यावरून किती प्रती गेल्या ते कळते आणि दुसऱ्यावरून किती जणांनी अंक वाचला ते कळते. सातव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यातील दोन कॉलम, दहा सेंटिमीटरची जाहिरात त्यांतील किती जणांच्या नजरेस पडली, हे दोहोंपैकी एकही आकडा सांगत नाही.

सकाळी कोणत्याही बाजारातील चहाच्या हॉटेलात जाऊन पाहावे. भाजी-पाव येईपर्यंत टेबलावरच्या एकाच अंकाची पाने सुटी होतात. एक जण पहिले पान घेतो, दुसरा क्रीडापान ओढतो, तिसरा निधनवार्ता पाहून उठतो. सर्वेक्षणाच्या हिशेबात हे तिघेही त्या अंकाचे वाचक आहेत, आणि तसे धरणे चुकीचेही नाही. परंतु ज्याने पाचव्या पानासाठी पैसे मोजले, त्याच्या दृष्टीने त्या टेबलावर कदाचित एकही वाचक नव्हता.

अमेरिकेत डॅनियल स्टार्च या जाहिरात-संशोधकांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच यावर उपाय रूढ केला. अंक वाचल्याचे सांगणाऱ्या माणसासमोर तोच अंक ठेवायचा, एकेक पान उलटायचे आणि प्रत्येक जाहिरातीविषयी विचारायचे. केवळ पाहिल्याचे आठवते का, कोणाची जाहिरात आहे हेही लक्षात आले का, आणि मजकूर अर्ध्याहून अधिक वाचला का, अशा तीन पायऱ्यांनी उत्तरे नोंदवायची. सर्वांना पहिल्या पानापासून विचारत गेल्यास शेवटच्या पानांपर्यंत माणूस कंटाळतो, म्हणून सुरुवातीचे पान दर वेळी बदलायचे. एवढ्या साध्या कामातून पान, आकार, रंग आणि शेजारचा मजकूर यांचा नजरेवर होणारा परिणाम दिसू लागतो.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. न पाहिलेली जाहिरातही पाहिल्याचे लोक सांगतात. त्यात लबाडी नसते. त्या दुकानाच्या जाहिराती पूर्वी पाहिलेल्या असतात, किंवा समोरच्याला ‘नाही’ म्हणणे जिवावर येते. म्हणून त्या अंकात न छापलेल्या काही जाहिरातीही वाचकासमोर ठेवाव्या लागतात. समजा, छापलेली जाहिरात शंभरांपैकी चाळीस जणांनी ओळखली आणि न छापलेली बारा जणांनी, तर चाळीस हा आकडा जसाच्या तसा व्यापाऱ्याला सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या सर्वेक्षणात ही पडताळणी नाही, त्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

कूपन कापून आणा, क्यूआर कोड स्कॅन करा, जाहिरातीत दिलेल्या वेगळ्या क्रमांकावर फोन करा, हे मार्गही उपयोगी आहेत. पण त्यांतून प्रतिसाद मोजला जातो, नजर नव्हे. चतुर्थीच्या आधी पाहिलेली फर्निचरची जाहिरात लक्षात ठेवून दिवाळीला खरेदी करणारे गिऱ्हाईक या मोजणीत सापडत नाही.

हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा आहे असेही नाही. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी एका प्रमुख राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यावी लागते. खाणीच्या सुनावणीची अशी सूचना डिचोली किंवा सांगे तालुक्यातील ज्या गावकऱ्यांसाठी असते, त्यांतील किती जणांना ती बारीक टाइपात दिसते, हे आपण कधी मोजलेले नाही. कात्रण फाइलला लागले की सूचना पोहोचली असे धरले जाते. माझ्या मते मोजणीची खरी निकड येथे अधिक आहे, कारण व्यापाऱ्याचे पैसे वाया जातात, तर गावकऱ्याची म्हणणे मांडण्याची संधीच हुकते.

म्हणून गोव्यातील मराठी दैनिकांनी एकत्र येऊन असे एक सर्वेक्षण करावे, अशी माझी विनंती आहे. सुमारे तीनशे वाचक यथायोग्य निवडले, तर चाळीस टक्क्यांसारख्या आकड्यात साधारण साडेपाच टक्क्यांची कमी-जास्त शक्यता, म्हणजे साडेचौतीस ते साडेपंचेचाळीस, धरावी लागेल. पहिल्या प्रयत्नाला तेवढी अचूकता पुरेशी आहे. शहरांबरोबर सत्तरी, पेडणे, काणकोण येथील वाचकही त्यात असावेत. विचारणा अंक निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी व्हावी आणि ती दैनिकाच्या माणसांनी न करता बाहेरच्या, शक्य तर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी करावी. शुभेच्छांच्या जाहिरातींनी पाने भरून जातात ते चतुर्थीचे आणि निवडणुकीचे दिवस टाळावेत.

निकाल कमी आले तर दर पडतील, अशी भीती जाहिरात विभागांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कोणते पान, कोणता आकार आणि कोणती मांडणी वाचकाला दिसते हे कळले, तर त्याच पैशांत अधिक चांगली जाहिरात करता येईल, असे मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगू शकेन. दैनिके तयार असतील, तर खर्चाचा काही भाग उचलण्याविषयी फोंड्यातील व्यापाऱ्यांशी बोलण्याची जबाबदारी मी घेतो. निकाल छापताना दुकानांची नावे मात्र देऊ नयेत. पान, आकार आणि मजकुराचा प्रकार एवढेच द्यावे.

आपला नम्र,
एक जाहिरात व्यावसायिक, फोंडा