'परांचीसह' हा शब्द अंदाजपत्रकातून काढा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सादर नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातला सेंट्रिंग-परांचीचा ठेकेदार. परांची म्हणजे उंचावर काम करायला भिंतीलगत उभारतात तो पाइपांचा नाहीतर बांबूंचा सांगाडा. हे पत्र जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीबद्दल आहे, पण निधी मागायला लिहीत नाही. निधी मंजूर झाल्यावर जे होतं, त्याबद्दल लिहितोय.

अंदाजपत्रकात दगडकामाची, चुन्याच्या दरजांची (दगडांमधले सांधे भरण्याची), गिलाव्याची बाब असते आणि तिच्या शेपटाला एक शब्द असतो: 'परांचीसह'. म्हणजे परांचीला वेगळा पैसा नाही. शाळेच्या नव्या भिंतीला हे चालून जातं. भिंत ओळंब्यात, जमीन सपाट, मिळेल ती फ्रेम, म्हणजे परांचीची तयार लोखंडी चौकट, लावा. गढीच्या बुरुजाला नाही चालत.

काही वर्षांपूर्वी खानदेशातल्याच एका गढीवर मी पोटठेकेदार होतो. बुरुज गोल, खाली रुंद, वर निमुळता. मुख्य ठेकेदाराने दुसऱ्या साइटवरच्या तयार फ्रेमा पाठवल्या, कारण त्या त्याच्याकडे पडून होत्या. फ्रेम सरळ वर जाते, बुरुज मागे सरकत जातो. नऊ मीटर उंचीला एकास आठ उतार धरला तरी माथ्यावर मीटरभराहून जास्त फट पडते. त्या फटीवर सुटी फळी टाकून, एक पाय फळीवर आणि दुसरा दगडाच्या खाचेत, असा आमचा गवंडी दरजा भरत होता. म्हातारा मिस्त्री खालून म्हणाला, "बुरुजले पोट शे भो, तुन्ही परांचीले नही." तिसऱ्या दिवशी फळी उलटली. गवंडी खालच्या टप्प्यावर पडला, मनगटावर निभावलं.

मग परांची डुलते म्हणून बुरुजात ड्रिल मारून बोल्ट ठोकले. काम संपल्यावर बाहेरचं टोक कापलं, लोखंड आत राहिलं. ते गंजून फुगलं आणि दोन-तीन पावसाळ्यांत दगडाची कपची उडाली. इतकी वर्षं उन्हापावसाने त्या दगडाला काही केलं नव्हतं.

अशा बुरुजाला सुटे पाइप आणि कप्लर लागतात. 48.3 मिलीमीटरचा पाइप, काटकोनात जोडायला एक कप्लर आणि तिरक्या जोडाला फिरता कप्लर, जो हव्या त्या कोनात आवळता येतो. आतले आडवे पाइप आखूड, बाहेरचे लांब, असा वेढा घालता येतो. भिंत मागे गेली की आडवा पाइप पुढे काढून फळी तिच्याजवळ नेता येते. कपलॉक, म्हणजे उभ्या पाइपावरच्या कपांत आडवे पाइप अडकवायची तयार परांची, झपाट्याने उभी राहते, थोडी वळतेही. थाळनेरच्या फारुकी कबरींतल्या अष्टकोनी इमारतीच्या सपाट बाजूंना ती चालेल. पण तिचे कप दर अर्ध्या मीटरला ठरलेले, आडव्यांची लांबीही ठरलेली, त्यामुळे निमुळत्या भिंतीमागे ती जात नाही. बलसाण्याच्या देवळासारखी कोनाकोनांची, कोरीव भिंत असेल तर पाइपाच्या प्रत्येक टोकाला रबरी टोपी हवी. लहान, नाजूक कामाला मी अजूनही बांबू वापरतो. लोक हसतात, पण बांबू दगडाला ओरखडत नाही. फक्त काथ्याची बांधणी सुकून सैल पडते, ती रोज सकाळी तपासावी लागते.

आधार द्यायचा तर खिडकीच्या चौकटीत लाकडी गादी घालून, नाहीतर बाहेरून तिरके टेकू आणि वजन ठेवून. फरकांड्याचे मनोरे तर झुलण्यासाठीच प्रसिद्ध होते. अशा मनोऱ्याला परांची बांधून कशी चालेल? ती स्वतःच्या पायावरच उभी राहिली पाहिजे. आणि पाय तरी कुठे टेकवायचे? आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी लागलं की फुगते. एप्रिलात ओळंब्यात असलेली परांची जुलैत कललेली मी पाहिली आहे. पाइपाच्या पायातल्या बेस प्लेटखाली लांब जाड फळी आणि खालीवर करता येणारा जॅक असेल तर ती सावरता येते.

हे महाग पडतं, हे मी नाकारत नाही. सुट्या पाइपांना मला फ्रेमेच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. शिवाय भाडं दिवसावर चालतं. बिल अडकलं की ठेकेदार आधी परांची उतरवतो आणि अर्धी दरजा भरलेली भिंत उघडी पावसाळा काढते.

म्हणून विनंती एवढीच. अशा वास्तूंच्या कामात परांची ही स्वतंत्र बाब धरावी, भाड्याच्या मुदतीसह. निविदेआधी वास्तूची मापं घेऊन अभियंत्याकडून परांचीचा नकाशा करून घ्यावा, त्यात आधार कुठे आणि कसा हे दाखवलेलं असावं, आणि मूळ दगडात ड्रिल मारायला मनाई असावी. आज ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम मिळतं, आणि तो दर पहिल्यांदा परांचीतूनच कमी होतो.

आमच्याकडे पाहणीला आलात तर तो बुरुज दाखवीन. उडालेली कपची मी घरी ठेवली आहे, तळहाताएवढी आहे. एका बाजूला अजून छिन्नीच्या खुणा दिसतात, दुसऱ्या बाजूला गंजाचा तांबडा डाग.

आपला,
पारोळा तालुक्यातला एक परांचीवाला