ढगातलं व्होल्टेज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीज मंडळात ३१ वर्षं लाइनमन होतो, त्यामुळे व्होल्टेजचा आकडा दिसला की नजर अडकतेच. ११ केव्हीच्या (म्हणजे ११ हजार व्होल्टच्या) तारेला अर्थिंग करूनही हात लावताना छातीत धडधडायचं. म्हणून सांगतो, उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगावर आपल्या विज्ञान पानात काहीतरी यायला हवं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या केंद्रात ६ मीटर लांबीच्या ३,७१२ पोलादी नळ्या काँक्रीटखाली रचल्यात. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळले की म्यूऑन नावाचे कण निघतात, ते या नळ्या मोजतात. १ डिसेंबर २०१४ ला डोक्यावर गडगडाटी ढग आला आणि १८ मिनिटं म्यूऑन घटले, तेही जेमतेम २ टक्के. ढगातल्या विद्युतक्षेत्रानं त्यांची ऊर्जा खाल्ली होती. तेवढ्या घटीवरून व्होल्टेज निघालं १३० कोटी! आपल्याकडच्या थोरल्या लाइना ७६५ केव्हीच्या, म्हणजे आठ लाखांच्याही आत. ना शिडी, ना तार, नुसते कण मोजून रीडिंग! (आमच्या मीटर रीडिंगवरून तर गावोगाव भांडणं.)

पावसाळ्याआधी छापलंत तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त लाइनमन, सांगली